विनंती आली नाही, असं मी म्हणाले

“मीच भलतं काहीतरी दाबलं असन, वहिनी. आपण या फंदात पडूच नये.”

स्वयंपाकघरात सुलभाकाकू आईला सांगत होत्या. मी बाहेर सोफ्यावर, लॅपटॉप मांडीवर. काकूंनी भलतं काहीही दाबलं नव्हतं. हे मला माहीत होतं — फक्त मलाच. चार महिने मी हे कुणापाशी बोलले नव्हते. तुमच्यापाशीही नीट सांगता येईल का, माहीत नाही.

आधी कामाचं सांगते. मी मोहालीतल्या एका छोट्या कंपनीत आहे. आम्ही एक अ‍ॅप बनवतो — तुमचे दाखले, ओळखपत्रं तुमच्याच फोनमध्ये, तुमच्याच किल्लीनं बंद. आमच्याकडेही प्रत राहत नाही. फोन हरवला तर? तुम्ही आधीच नेमलेल्या दोन विश्वासू माणसांनी ‘हो’ म्हटलं, की सगळं नव्या फोनवर परत येतं. ‘हो’ म्हणण्याआधी त्या व्यक्तीशी फोनवर बोलून खात्री करा — ही सूचना अ‍ॅपमध्ये मीच लिहिली आहे. सात दिवसांत दोघांचं ‘हो’ आलं नाही, तर महिनाभर पुन्हा विनंती करता येत नाही. चोरांसाठी केलेला नियम.

काकू लॅब टेक्निशियन. काकांच्या बदल्यांमागे अमरावती, जबलपूर, मग चंदीगड — दर गावी नवी नोकरी, नवा दाखला. ते सगळे एका जागी राहावेत म्हणून अ‍ॅप मीच घालून दिलं. त्यांची विश्वासू माणसं दोन: अमरावतीची बहीण आणि मी.

मग काकूंचा फोन बसमध्ये गेला. नेमके त्याच आठवड्यात मोहालीजवळच्या खरड गावातल्या एका लॅबनं दाखले मागितले होते. बहिणीनं संध्याकाळपर्यंत ‘हो’ म्हटलं. विनंती माझ्याकडेही आली. मी ती पाहिली. एक फोन करायचा होता, बस.

का नाही केला? मला फोनवर बोलायला नको वाटतं, मराठीत तर फारच. शाळेत इंग्रजी, बाहेर हिंदी, काकू हसतात — “मॅडम, मराठी का हिंदी, एक काय ते ठरवा!” प्रेमानंच म्हणतात. उद्या करू, म्हटलं. मग परवा. एवढंच असतं तर त्याला आळस म्हणता आलं असतं, नाही का?

पाचव्या दिवशी आईनं फोन कानाला लावूनच हाक मारली, “अगं, काकू विचारतायत, तुझ्याकडे काही आलंय का?”

“नाही,” मी म्हणाले.

त्यानंतरही दोन दिवस होते. पण ‘हो’ दाबलं की विनंती कधी पोचली ती तारीखही काकूंना दिसते. माझं खोटं दिसलं असतं. म्हणून दाबलं नाही. विसरले नव्हते मी — मुदत संपायची वाट पाहत होते.

लॅबनं दुसऱ्या कुणाला तरी घेतलं. महिन्यानं काकूंनी पुन्हा विनंती केली. या वेळी मी लगेच फोन केला, लगेच ‘हो’ म्हटलं. काकूंनी माझ्यासाठी डबाभर चकल्या आणल्या. मी त्या खाल्ल्या.

पकडलं जायची भीतीच नव्हती. कुठल्याही सर्व्हरवर नोंद नाही. पहिली विनंती पोचली होती याचा एकमेव पुरावा माझ्या फोनमध्ये, माझ्या किल्लीखाली. लोकांना आम्ही हेच अभिमानानं सांगतो — तुमचं ते तुमच्याच हातात.

आत आई म्हणत होती, सेक्टर बत्तीसच्या सरकारी हॉस्पिटलात कंत्राटी जागा निघाल्यात, बघा तरी.

“नको,” काकू म्हणाल्या. “पुन्हा काही बिघडवून ठेवीन. झालं तेवढं पुरे. आता कुठंच अर्ज करणार नाही मी.”

मी लॅपटॉप मिटला आणि दारात गेले. दोघी पालक निवडत होत्या.

“काकू, तुम्ही बरोबर दाबलं होतं. रिक्वेस्ट पहिल्याच दिवशी माझ्याकडे आली होती. मी पाहिली होती. आणि मी ‘नाही’ म्हणाले ना — ते खोटं होतं.”