मावशीची तीन वाक्यं

मी मावशीशी खोटं बोललो. आई न्हाणीघरात पाय घसरून पडली आहे आणि अंथरुणातून उठू शकत नाही, असं मी तिला फोनवर सांगितलं. ती अंदमानातल्या एका लहानशा बेटावरची आपली शाळा तशीच सोडून आधी डोंगीने, म्हणजे लहान होडीने, मग जहाजाने आणि मग रेल्वेने भोपाळला आली. नेहरू नगरातल्या आमच्या घराचं दार आईनेच उघडलं. तिच्या हातात भाजीची पिशवी होती. मावशीने तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, मग मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. ती रागावली नाही. "पाणी दे आधी," एवढंच म्हणाली.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. तिने लग्न केलं नाही. भोपाळातच इंद्रपुरीच्या एका शाळेत कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांना ती निवृत्त होईपर्यंत गणित शिकवत होती. मीही तिच्या हाताखालून गेलो. तिच्या वर्गात छडी नव्हती, तीन वाक्यं होती. ज्याची चूक त्याने फळ्यापाशी उभं राहून सांगायचं: मी काय केलं, त्यामुळे कोणाचं काय नुकसान झालं, आणि आता मी काय करणार. नुसतं 'सॉरी' तिला चालत नसे. "सॉरी म्हणजे झाकण लावलेला डबा," ती म्हणायची. "उघडून दाखव, आत काही आहे का." मी सहावीत असताना एका मुलाचा कंपास खिडकीबाहेर फेकला होता. पहिलं वाक्य मी घडाघडा म्हटलं. दुसऱ्याला त्या मुलाकडे बघावं लागलं आणि तिथे माझा आवाज गेला. मावशीने सगळा वर्ग थांबवून ठेवला, पण वाक्य माझ्याकडून पुरं करून घेतलं. तिचा भाचा म्हणून मला सूट नव्हती. उलट इतरांना मधल्या सुट्टीपर्यंत मुदत मिळायची, मला तीही मिळत नसे.

निवृत्तीनंतर ती आमच्याकडेच राहायला आली. चार-सहा महिने जवाहर चौकातून भाजी आणण्यात आणि टीव्हीवरच्या निवेदकांचे हिशेब दुरुस्त करण्यात गेले. मग जुन्या एका विद्यार्थ्याकडून तिला त्या बेटाबद्दल कळलं. गावकऱ्यांनी चालवलेली शाळा होती, मुलं होती, शिक्षक टिकत नव्हते. मावशीने बॅग भरायला घेतली. आई चिडून म्हणाली, "पाणीच बघायचंय ना, मग भोपाळात एवढा मोठा तलाव आहे. तिथे जाऊन बस की." मावशी साडीची घडी घालत म्हणाली, "बसले असते गं. पण तलावाला माझ्याकडून काही शिकायचं नाहीये."

तिथलं तिचं आयुष्य आम्हाला रविवारच्या फोनवरून कळायचं. बेटावर फक्त जेटीच्या टोकाला नेटवर्क यायचं, त्यामुळे तिच्या बोलण्यामागे कायम वारा असे. उजाडायच्या सुमारास ती उठायची आणि पहिल्यांदा खडू चुलीपाशी वाळत घालायची, कारण दमट हवेत ते फळ्यावर उमटतच नसत. मग स्वतःचा चहा. "आधी खडूंचा नाश्ता, मग माझा," ती म्हणायची. काही मुलं पलीकडच्या खाडीतून डोंगीने येत. भरती-ओहोटी बघूनच त्यांना निघावं लागे, म्हणून शाळेची वेळ रोज बदलायची. मावशीने त्याचंच गणित केलं. आज पाणी कधी चढलं, काल कधी चढलं होतं, मग उद्या शाळा कधी भरेल? उत्तर चुकलं तर सगळ्यांची शाळा चुकायची, म्हणून वजाबाकी कोणी चुकत नसे. दुपारी खिचडी असे. ती खाल्ल्यावर लहान मुलं वाळूत बोटाने अक्षरं काढत आणि खेकडे त्यांवरून चालत जात. "काना-मात्रा ते देतात," मावशी सांगायची. संध्याकाळी ती साडी वर खोचून, रबरी चपला हातात घेऊन किनाऱ्याने फिरायला जायची. भेटेल त्या कोळणीला ती मुलाची प्रगती सांगे आणि कोळीण तिला मासळी देऊ करी. मावशी शाकाहारी. त्यामुळे दर वेळी मासळी नाकारायची आणि नारळ घेऊन घरी यायचं, असा तिचा क्रम होता. भाषेची अडचण तिला आली नाही. पुण्यातले नातेवाईक आमच्या हिंदाळलेल्या मराठीला हसतात. मावशी म्हणाली, "त्यांना सांग, तीच हिंदी इथे कामाला आली."

तिला अडचण आली ती वेगळीच. तिथली मुलं कोणत्याही शिक्षकाचं नाव लक्षात ठेवत नसत. येणारा प्रत्येक जण काही महिन्यांनी बोटीत बसून जायचा, म्हणून ती सगळ्यांना 'नये सर' नाहीतर 'नयी मैडम' म्हणत. मावशीही बरेच दिवस 'नयी मैडम' होती. मग एका रविवारी माझा फोन लागला तेव्हा मुलं तिच्याभोवती जेटीवर खेळत होती. वाऱ्यामुळे मी ओरडूनच 'मावशी, मावशी' करत होतो. दुसऱ्या दिवसापासून मुलं तिला 'मौसी' म्हणू लागली. हे मला सांगताना ती इतकी खूश होती की तिने तेच पुन्हा सांगितलं. तिने मुलांना शब्दही दिला होता, तुमची वार्षिक परीक्षा झाल्याशिवाय मी बेट सोडणार नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं आणि तरीही मी खोटं बोललो. माझी मुलगी इरा दहावीला होती आणि गणितात अडखळत होती. मला मावशीसारखी शिकवणारी बाई घरात हवी होती. सरळ विचारलं असतं तर मावशी परीक्षेनंतर येते म्हणाली असती, म्हणून मी आईला पाडलं.

परतीच्या जहाजाचं तिकीट मिळेपर्यंत ती आमच्याकडे राहिली आणि रोज सकाळ-संध्याकाळ इराला घेऊन बसली. "पोरीचा काय दोष?" म्हणाली. इराला खरंच सगळं समजू लागलं. मावशी निघाली तेव्हा स्टेशनवर मी सॉरी म्हणालो. तिने माझ्याकडे सहावीतल्या मुलाकडे बघावं तसं पाहिलं.

"डबा," ती म्हणाली. "आणि मला कशाला देतोस? माझं काय नुकसान झालं? ताईच्या हातची कढी खाल्ली, नातीला शिकवलं. तू दुसरं वाक्य शोध."

ते तिच्या पुढच्या फोनवर सापडलं. तिने सहज हसत सांगितलं की मुलं पुन्हा 'नयी मैडम' म्हणायला लागली आहेत. भोपाळला यायला निघताना तिने त्यांना बहीण आजारी असल्याचं सांगितलं होतं आणि त्यांनी शहाण्यासारखी मान डोलावली होती. तिथून जाणाऱ्या प्रत्येक मास्तराच्या घरी कोणीतरी आजारीच असायचं. आता मुनिया नावाची वर्गाची मॉनिटर तिला विचारत होती, नयी मैडम, तुमची बहीण कशी आहे? "काय सांगू तिला?" मावशी म्हणाली. "बरी आहे म्हटलं तर तेव्हाची मी खोटी. आजारी आहे म्हटलं तर आत्ताची." मग वारा आला आणि फोन तुटला.

इराचा शेवटचा पेपर झाल्यावर मी निघालो. आईने बरोबर लाडू दिले आणि म्हणाली, "माझी तब्येत विचारली तर नीट सांग रे बाबा." जहाजात मला बोट लागली आणि डोंगीत पुन्हा लागली. जेटीवर मावशी उभी होती, उन्हाने काळवंडलेली आणि अगदी मजेत. तिने लाडवांचा डबा घेतला, मला नारळपाणी पाजलं आणि म्हणाली, "चल, पाणी उतरायच्या आत. पलीकडची मुलं जातील."

शाळा म्हणजे पत्र्याखालची एक लांब खोली. मावशीने मला फळ्यापाशी उभं केलं आणि स्वतः मागे मुलांच्या बाकावर जाऊन बसली. "ये सुधीर हैं, मेरे पुराने विद्यार्थी," तिने सांगितलं. "इनके तीन वाक्य बाकी हैं।" मुलांना पद्धत माहीत होती. ती सरसावून बसली.

पहिलं वाक्य आलं. "मैंने मौसी से झूठ बोला कि मेरी माँ गिर गई हैं, ताकि वो घर आकर मेरी बेटी को पढ़ाएँ।"

दुसऱ्याला मुलांकडे बघावं लागलं. माझा आवाज गेला. मुलं थांबली, कोणी हसलं नाही. मग मी म्हणालो, "नुकसान तुम लोगों का हुआ। तुम्हें लगा, मौसी भी बहाना बनाकर चली गईं। बहाना मेरा था, उनका नहीं।"

"तीसरा?" मुनियाने विचारलं.

"अब मैं मौसी को झूठ बोलकर कभी नहीं बुलाऊँगा।"

तिने थोडा विचार केला. "और आपकी माँ?"

"अच्छी हैं। लड्डू भेजे हैं।"

मुनिया मागे वळली आणि म्हणाली, "मौसी, इनको बैठने को बोल दूँ?"