फुकटची जीत

इंटरनेटवरच्या फुकट खेळांबद्दल माझी मतं पहिल्यापासून वाईट आहेत, आणि ती मी भरपूर खेळून बनवलेली आहेत. न खेळता नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही.

एक तर ते फुकट कसे, हेच मला कधी कळलं नाही. एकोणीसशे नव्याण्णव साली साताऱ्यात आमच्या घरापासून जवळच सायबर कॅफे निघाला. खेळाला पैसे नव्हते, पण कॅफेचा मालक तासाचे रोख घ्यायचा आणि त्यातला निम्मा वेळ पडद्यावर खेळाचा राखाडी चौकोन उघडायची वाट बघण्यात जायचा. मोडेम आधी किंचाळायचा, मग खरखरायचा. मधेच लाईन तुटली की मालक जागेवरूनच ओरडायचा, "आपल्याकडून काय प्रॉब्लेम न्हाई, फुडनंच गेलंय!" हे फुडनं म्हणजे नेमकं कुठनं, ते त्यालाही माहीत नसावं. प्लायवूडच्या खोक्यांना त्यानं पडदे लावले होते. मुलींनी पडदा उघडा ठेवायचा असा नियम होता. मुलांना तो लागू नव्हता, त्यामुळे मुलं काय खेळतात ते कुणाला दिसत नसे आणि मी काय खेळते ते अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

तिथले पत्ते मी एकदाच खेळले. जोडीदाराला डोळा मारता येत नाही, टेबलाखालून पायानं ढोसता येत नाही, तर त्याला मी पत्ते म्हणत नाही. आकडे खोडायचा एक खेळ होता, त्यात आपला आकडा आला की तो आपोआप खोडला जायचा. मग मी तिथं बसून करायचं काय? टाळ्या वाजवायच्या?

राहता राहिलं बुद्धिबळ. ते मला वडिलांनी शिकवलं होतं. वडील फौजेत हवालदार होते, आणि आम्ही त्यांच्याबरोबर फॅमिली क्वार्टरमध्ये राहायचो तेव्हा थंडीत दुसरं करण्यासारखं काही नसे. ते मला मुद्दाम कधीही जिंकू देत नसत. मी रडले की म्हणायचे, "रड, पण डाव सोडून उठायचं न्हाई." तेवढी एकच शिस्त माझ्या अंगी बाणली.

आणि इंटरनेटवर तर सगळे उठूनच जायचे. माझा वजीर त्यांच्या राजाच्या दारात जाऊन उभा राहिला, की समोरचा कुठल्या तरी देशातला शहाणा एकदम नाहीसा. 'समोरचा खेळाडू निघून गेला, तुम्ही जिंकलात' अशा अर्थाची इंग्रजी पाटी झळकायची. अरे, मात तर करू दे! आमच्या यात्रेत चीत झालेला पैलवानसुद्धा माती झाडून जिंकलेल्याच्या हातात हात देतो आणि मगच आखाड्याबाहेर जातो, कारण चारी बाजूंनी गाव बसलेलं असतं. इथं बघणारं कुणी नाही म्हटल्यावर माणसं अशी वागतात. माणूस खरा कसा आहे हे बघायचं असेल तर त्याला कोणी बघत नसताना हरवावं, असं माझं पक्कं मत झालं.

त्याच सुमारास मला बघायला सांगलीचं स्थळ आलं. मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट होता. पोहे झाले, चहा झाला, आणि पाहुण्यांतले वडीलधारे म्हणाले, "मुलीला काय विचारायचं असंल तर विचार की." तो बशीकडं बघतच म्हणाला, "आवड काय तुमाला?"

स्वयंपाक, विणकाम, वाचन अशी उत्तरं आईनं मला पाठ करून दिली होती. मी म्हणाले, "बुद्धिबळ. इंटरनेटवर खेळते."

त्यानं पहिल्यांदा मान वर केली. तोही खेळायचा, आणि योगायोगानं त्याच वेबसाईटवर. भर बैठकीत आम्ही एकमेकांना आपापली खेळातली नावं सांगितली आणि रविवारी दुपारी चारची वेळ ठरवली. वडीलधाऱ्यांना वाटलं कॉम्प्युटरच्या कोर्सबद्दल चाललंय. आईच्या चेहऱ्यावर तर लेकीचं शिक्षण कामी आल्याचं समाधान पसरलं. त्याचं खेळातलं नाव मी इथं लिहीत नाही. बरी नावं आधीच कुणीतरी घेतलेली असत, त्याला तो बिचारा काय करणार.

स्थळ घरच्यांना पसंत होतं. त्यांचाही होकार आला. आता माझं काय ते मी रविवारनंतर सांगणार होते, आणि मनाशी एकच ठरवलं होतं: हा हरताना उठून गेला तर नाही म्हणायचं. कारण कुणालाही सांगणार नव्हते. सांगितलं असतं तर घरच्यांनी मला वेड्यात काढलं असतं.

रविवारी तो इंटरनेटवर वेळेवर आला. खेळायचा बरा, पण घाईघाईत घोडा माझ्या मुलखात घालायचा आणि मग तिथून बाहेर कसं पडायचं ते त्याला सुचायचं नाही. तासाभरात त्याचा घोडा कोपऱ्यात अडकला. माझा हत्ती मोकळा, वर तीन प्यादी. त्याच्याकडं दोनच. आता त्याची खेळी होती. मी वाट बघत बसले, पण पडद्यावर काही हलेना. मालकाला हाक मारली तर त्याचं ठरलेलं उत्तर आलं, "आपल्याकडून काय प्रॉब्लेम न्हाई!" तरीही त्यानं काहीतरी खटपट केली, मोडेम परत किंचाळला आणि मी पुन्हा आत शिरले. आमचं टेबल रिकामं होतं. त्याचं नावही कुठं दिसेना.

गेला उठून! मला इतका राग आला की मी उरलेला अर्धा तास न वापरताच घरी आले. आणि खरं सांगायचं तर राग कमी होता, वाईट जास्त वाटत होतं. त्या बैठकीत त्यानं मान वर केली तेव्हाच मला तो आवडला होता.

घरी काही बोलले नाही. पितृपंधरवडा लागला होता. त्या दिवसांत सोयरिकीची बोलणी कुणी करत नाही, त्यामुळे नकार द्यायलाही सवड होती. नकार कसा द्यायचा याची मी तयारी करत होते. ढगळ विजार घालतो, असं सांगावं म्हणत होते.

आणि एका सकाळी तो दारात. एकटाच. सांगलीहून पहिल्या एसटीनं आलेला, केस वाऱ्यानं उभे राहिलेले. वडिलांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"आवं, पितरांच्या दिवसांत पोरगी मागायला येतंय व्हय कुणी?"

"मागायला न्हाई आलो, काका," तो म्हणाला. "डाव पुरा करायला आलोय."

मग माझ्याकडं वळून म्हणाला, "तुमी त्या दिवशी उठून का गेलात?"

"मी?"

"तुमी गेलात आणि मला जिंकलो म्हणून दाखवलं. मी हरत हुतो. वर्गातल्या पोरानं चुकून दुसऱ्याचं बक्षीस घरी आणावं तसं झालंय मला. झोप न्हाई. असली फुकटची जीत घिऊन मी काय करू?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लाईन माझ्याच कॅफेची गेली होती. पुढं कधीतरी कळलं, की मालकाच्या आईनं आतल्या खोलीतून त्याच लाईनवर मेढ्याच्या बहिणीला फोन लावला होता. म्हणजे इतके दिवस सांगलीत हा मला पळपुटी म्हणत होता आणि साताऱ्यात मी ह्याला.

वडिलांचा घडीचा पट निघाला. त्यातला एक हत्ती हरवला होता, त्याच्या जागी औषधाच्या बाटलीचं झाकण असायचं. त्यानं आठवणीनं सगळी मांडामांड केली. मी त्याच्या घोड्याकडं बघत होते. तो घोडा एक घर अलीकडं ठेवला असता तर सुटला असता, आणि मी हरकत घेतली असती तरी माझ्याकडं पुरावा काय होता? त्यानं तो नेमका कोपऱ्यात ठेवला, जिथं अडकला होता तिथंच.

"तुमचं झाकण हितं हुतं," तो म्हणाला आणि माझा हत्ती मोकळ्या रांगेत सरकवला.

तिथंच त्यानं मला जिंकलं. पण म्हणून मी त्याला एकही प्यादं सोडलं नाही. तोही चिवट निघाला. वडील आधी पेपर उघडून बसले होते, मग पेपर खाली आला, मग ते पाहुण्याच्या खांद्यामागं येऊन उभे राहिले.

"आवं, त्यो राजा म्होरं घ्या की!" पोटच्या पोरीविरुद्ध!

"न्हाई काका," तो मान न वळवता म्हणाला, "ह्यो आमच्या दोघांचा डाव हाय."

वडील परत पेपरामागं गेले. वडिलांना गप्प बसवलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

शेवटी माझं प्यादं वजीर होणार हे दिसायला लागलं. त्यानं पटाकडं थोडा वेळ बघितलं, स्वतःच्या बोटानं राजा आडवा केला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "हरलो." एवढंच. तो शब्द ऐकायला मी वर्षभर त्या कॅफेत पैसे भरत होते. मी उगाच सोंगट्या गोळा करायला लागले.

आईनं चहा आणला. नुसताच चहा. आमच्याकडं सोयरीक पक्की होईपर्यंत पाहुण्याला मुलीच्या घरी जेवायला घालत नाहीत. जेवला म्हणजे ठरलं. त्यालाही ते माहीत होतं. त्यानं चहा संपवला, सगळ्यांना नमस्कार केला, उंबऱ्याजवळ जाऊन चपला घातल्या. अकराची एसटी होती म्हणे.

"जेवून जावा," मी म्हणाले.

आईच्या हातातला ट्रे हातातच राहिला. वडिलांनी आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी खाली बघितलं नाही. तोही तसाच पाठमोरा उभा होता, फक्त त्याचे कान लालभडक झाले होते.

"आवं, पण पितरांचं दिस..." आई म्हणाली.

"पितरांनाबी कळू दे," वडील म्हणाले. "ताट वाढ."

त्यानं वाकून चपला काढल्या.