चित्राचे सोळा पत्ते

माझे पती सोमवारी वारले. सकाळी चहा घेतला, खुर्चीत बसले आणि गेले. त्या दिवसापासून मी एक गोष्ट लिहायला बसते आणि उठते. ती कुणालाच सांगितलेली नाही — मुलाला नाही, बहिणीला नाही, त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल.

मी साताऱ्यात एका शाळेत दहावीला गणित शिकवत होते. हे फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन आले होते. तिकडे जवानांना परीक्षांसाठी शिकवायचे. ती सवय त्यांना स्वस्थ बसू देईना. गावाकडची चार मुले पहिल्या एसटीने यायची आणि शाळा भरेपर्यंत आमच्या पुढच्या खोलीत त्यांच्यापुढे बसायची. मुले त्यांना ‘सर’ म्हणायची. सारा जन्म फौजेत काढलेला माणूस त्या एका शब्दाने किती खूश व्हायचा! मला हसू यायचे. थोडा रागही येत होता का? असेल. पदवी माझ्याकडे होती ना.

त्या वर्षी सराव परीक्षेचा पेपर मी काढला, घरीच, जेवणाच्या टेबलावर. सांख्यिकी आणि संभाव्यता. त्यात एक प्रश्न अगदी सोपा होता — पिसलेल्या पत्त्यांतून एक पत्ता काढला, तर तो चित्राचा असण्याची संभाव्यता किती? राजा, राणी, गुलाम; चारही रंगांचे मिळून बारा. बावन्नातले बारा.

तपासताना एका उत्तरपत्रिकेत सोळा दिसले. मग दुसरीत. मग आणखी दोन. बाकी साऱ्या वर्गात सोळा कुणीच लिहिले नव्हते. आणि ही चौघे कोण? आमच्या पुढच्या खोलीतली.

सोळा कसे होतात ते मला लगेच कळले. एक्के धरले की होतात. आणि एक्का चित्रात कोण धरते, तेही मला ठाऊक होते. रविवारी शेजारी जमले की आमच्याकडे मेंढीकोट रंगायचा. “अवं मास्तरीणबाई, एक्क्याला चित्र न्हाई कसं? मधोमध एवढा थोरला बदाम काढलाय, त्यो काय आंधळ्यासाठी व्हय?” असे म्हणून हे माझ्या राजावर एक्का आपटायचे.

झाले. यांनी पेपर पाहिला, स्वतः सोडवला, चुकीचा सोडवला आणि मुलांना सांगितला. दुसरे काय असणार? शिकवणीत हे अजून त्या धड्यापर्यंत पोचलेच नव्हते. एकाने अशी चूक करणे निराळे. चौघांनी तीच करायची? मी संभाव्यता शिकवणारी — मी गुणाकार केला. एवढीशी शक्यता, गुणिले एवढीशी शक्यता, पुन्हा गुणिले. हा योगायोग नाही, मुळाशी एकच माणूस आहे, अशी माझी खात्री पटली.

मग सगळीकडे पुरावेच दिसू लागले. कागदांवर ठेवलेला माझा चष्मा जरा सरकलेला. टेबलावर नुकती टोक केलेली पेन्सिल. हे शीळ घालत होते — कशासाठी? मी कपाटाला कुलूप लावले आणि किल्ली पर्समध्ये टाकली. “चोर शिरलाय का काय घरात?” त्यांनी हसत विचारले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. किती साळसूदपणा, असे वाटले. एक वाक्य विचारायचे होते, ते विचारले नाही. उत्तर मला आधीच माहीत होते ना.

मुख्याध्यापकांना मी म्हणाले, पेपर बाहेर गेला असावा. नवऱ्याचे नाव घेतले नाही. “शिकवणीची मुलं आहेत,” एवढेच म्हणाले. एवढे पुरते, हे मला कळत होते. चौघांना बोलावले. “सोळा कुणी सांगितले?” मी विचारले. मुले एकमेकांकडे बघू लागली, मग माझ्याकडे. त्यांतली वैशाली नावाची मुलगी चाचरत म्हणाली, “बाई, तुमी—”

“मी काय? उलट बोलतेस?”

ती गप्प झाली. मला वाटले, पकडली गेली.

चौघांचे सबंध पेपराचे गुण गेले. पालकांना बोलावणे गेले. मुले आमच्याकडे यायची थांबली आणि बोलवा पसरली तशी नवीनही कुणी आले नाहीत. हे मात्र रोज सकाळी चटई अंथरून बसायचे. “पोरं का येईनात गं? माझं काय चुकलं असंल?” मी भाजी चिरत होते. मान वर न करता म्हणाले, “स्टँडजवळ नवा क्लास निघालाय.” काही दिवसांनी त्यांनी चटई गुंडाळली आणि औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या गेटवर नोकरी धरली. ट्रकचे नंबर लिहायचे. साहेबाची गाडी आली की सलाम करायचा.

पुढच्या वर्षी पुन्हा तोच धडा आला. फळ्यावर मी राजा, राणी, गुलाम लिहिले — आणि हाताने त्यापुढे एक्का लिहिला. मागून कुणीतरी म्हणाले, “बाई, एक्का चित्रात न्हाई येत. पुस्तकात बगा की.” वर्ग हसला. मी खडू धरून उभी राहिले.

मला एक संध्याकाळ आठवली. एसटी आली नव्हती, म्हणून तीच चार मुले वर्गात थांबली होती. मी पुस्तक न घेताच त्यांना पत्त्यांची उदाहरणे घातली होती. राजा, राणी, गुलाम, एक्का — चार चोक सोळा. मीच म्हणाले होते. पेपर काढताना पुस्तक समोर होते, तेव्हा बारा आले. मुळाशी एकच माणूस आहे, हे माझे बरोबर होते. तो माणूस मी असेन, ही शक्यता मी मोजलीच नव्हती. आणि वैशाली काय सांगणार होती, ते आता कळले.

त्या दिवशी हे गणवेशातच घरी आले, पायरीवर बसून बूट काढू लागले. “आज लय उभं ऱ्हावं लागलं.” मी पाणी दिले. तेव्हा सांगता आले असते. नंतरही, कितीतरी वर्षे. मुख्याध्यापकांना नाही, मुलांना नाही, यांना नाही — कुणालाच सांगितले नाही. उलट संशय घ्यायला मला नवे कारण मिळाले. यांना ठाऊक आहे का? कुणी बोलले का? पत्ते खेळताना ते काही न बोलता एक्का टाकू लागले, तेव्हा मी दचकायचे. मुद्दाम गप्प आहेत का? तेही मी विचारले नाही.

आम्ही पुढे सांगलीला मुलाकडे आलो. विश्रामबागेतले हे घर त्याचे. बाबांनी कंटाळून शिकवणी सोडली, असे तो लहानपणापासून समजतो. तेराव्यासाठी तो फोटोची फ्रेम करायला निघाला, तेव्हा त्याने विचारले, “नावाच्या आधी ‘सर’ घालू का गं आई? त्यांना आवडायचं.”

तो शब्द मला रोज समोर नको होता.

“सुभेदारच घाल,” मी म्हणाले.

फोटो बाहेरच्या खोलीत लावला आहे. खाली सुभेदार लिहिले आहे.