गेंदाबाई आणि सुनंदा

माझ्या आईचं नाव मी खोडलं. माझ्याच हातानं.

आज तिला जाऊन एक वर्ष झालं, म्हणून सांगून टाकते.

आई माहेरची गेंदा. लग्न होऊन मध्य प्रदेशातल्या कटंगीला आली तेव्हा बाबांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'सुनंदा' लिहिलं. आपल्याकडे पद्धतच तशी.
झाली सुनंदा.

पण बाजाराच्या दिवशी तुमसरच्या बसमधून माहेरचं कुणी उतरलं आणि "वो गेंदे!" अशी हाक आली, की ही बाई निवडलेली भाजी तिथेच टाकून पळायची. मी मागे एकटी, पिशवी धरून.

तेव्हा काय राग यायचा!
आता वाटतं, किती छान पळायची ती.

आधारच्या कॅम्पमध्ये ऑपरेटरनं विचारलं, "अम्मा, नाम?"
तिनं बेधडक सांगितलं, गेंदाबाई.
बाकी सगळ्या कागदांवर सुनंदा.

बरीच वर्षं काही अडलं नाही. मग तिच्या हृदयाचा व्हॉल्व्ह खराब झाला.

प्रायव्हेट पॉलिसीचा हप्ता तिच्या वयासोबत चढत गेला, म्हणून आम्ही ती केव्हाच सोडली होती. ऑपरेशनचा खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा. आशा एकच, सरकारी विम्याचं कार्ड.

ते काही बनेना. कंप्युटरच्या मते आमच्या घरात दोन बायका होत्या.
आणि इथे एकच बाई, दोन पावलं चालली तरी धापा टाकणारी.

मी चिडले. "काहून सांगितलं तू गेंदाबाई?"

"त्यानं माह्यं नाव इचारलं ना, बाई. सुनंदा तं तुह्या बाबाच्या घरचं नाव होय."

स्वतःच्या लग्नात नाव बदलू न देणारी मी.

आधारच्या दुरुस्तीचा फॉर्म समोर होता. माझा पेन काही चालेना. शेवटी तीच म्हणाली,
"खोड वो. मले अजून जगाचं हाय."

खोडलं.

कार्ड बनलं. ऑपरेशन झालं. दोन वर्षं मिळाली. ती पुन्हा एकटी बाजारात जायला लागली, भाजीवाल्याशी भांडायला लागली, मला फोनवर रागवायला लागली. त्या कार्डाचे उपकार मी विसरणार नाही.

पण तोवर माहेरचं कुणी उरलं नव्हतं. त्या नावानं हाक मारणारं कुणीच नाही.
मी मारू शकले असते. सुचलंच नाही गं, आई.

मृत्यूच्या दाखल्यावरही सुनंदाच लिहावं लागलं.

इथे लिहिताना मात्र कुणी कागद मागत नाही.

गेंदाबाई, तुह्या लेकीचा तुले रामराम.