हार्वेस्टरच्या पंख्याची सुनावणी

पडद्यावर मुंबईच्या पेटंट ऑफिसातले साहेब होते. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "दस्तगीर मिस्त्री, या व्हिडिओत हार घातलेल्या मशीनपाशी उभे आहेत ते तुम्हीच ना?"

"व्हय साहेब, मीच."

नाही कसं म्हणणार? डोक्यावरची टोपीसुद्धा तीच होती.

शेजारी बसलेल्या अमृताबाईंनी डोळे मिटून घेतले. त्या सांगलीतल्या पेटंट एजंट. आपण केलेली नवी वस्तू कायद्याच्या भाषेत लिहून सरकारपुढं मांडायची, हे त्यांचं काम. "काका, विचारल्याशिवाय बोलायचं नाही," असं त्यांनी मला बजावलं होतं. त्यांच्या पलीकडं तानाजीराव बसले होते. औंधाकडचे रिटायर्ड फौजी, माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पण मशीन माझं म्हटल्यावर मी असणारच, असं म्हणून ते आले होते.

प्रकरण काय ते आधी सांगतो. माधवनगर रस्त्याला माझं गॅरेज आहे. शाळा चौथीपर्यंत झाली, तेवढी पुरली. जड गाड्यांच्या केबिनचे एसी हे माझं काम. या भागात ते माझ्याइतकं कुणाला येत नाही, हे मी स्वतः सांगतो, कारण ते खरं आहे.

ऊस तोडणाऱ्या हार्वेस्टरची केबिन चारी बाजूंनी काचेची असते. एसी बंद पडला की ड्रायव्हर आत भाजून निघतो. दार उघडलं तर धुरळ्यानं गुदमरतो. एसीला दोन जाळ्या असतात. एक आत थंडावा देते, दुसरी उष्णता बाहेर टाकते. या बाहेरच्या जाळीला कंडेन्सर म्हणतात. पंखा तिच्यातून हवा ओढतो. उसात हवेबरोबर पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, तोही ओढला जातो. थोड्या वेळात जाळीवर पाचटाची गोधडी बसते आणि एसी गरम वारा मारायला लागतो.

मी काय केलं, सरी संपली की पंखाच उलटा फिरवला. सरीच्या शेवटी मशीन वळवताना ड्रायव्हर खालचा कटर उचलतो. त्या कटरच्या ऑइल लाइनवर मी एक स्विच बसवला. कटर वर गेला की पंखा उलटा फिरून पाचट बाहेर फेकतो. कटर खाली आला की पंखा सुलटा. ड्रायव्हरला बोटसुद्धा लावायला नको.

ही जोडणी तानाजीरावांच्या मशीनवर केली, ती खंडेनवमीच्या जरा आधी. वडलांच्या वेळेपासून आमच्या गॅरेजात दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी, म्हणजे हत्यारांची पूजा, होते. नारळ तानाजीराव फोडतात, पेढे मी वाटतो. त्या वर्षी एका कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर पेढा खायला आला होता. पंखा उलटा फिरतो एवढं ऐकलं आणि चारचौघांत हसून म्हणाला, "कुणाचं कॉपी केलं म्हणायचं, मिस्त्री?"

त्याच आठवड्यात मी अमृताबाईंकडं गेलो. म्हटलं, पेटंटचा अर्ज करा. मी चोर नाही, हे सरकारच्या शिक्क्यानं सांगायचं.

अर्ज केला की पेटंट मिळतं, असं मला वाटत होतं. तसं नसतं. आधी परीक्षा होते, आणि परीक्षा माणसाची नाही, वस्तूची. ही वस्तू साऱ्या जगात नवी आहे का, आणि त्या धंद्यातल्या कुणालाही सहज सुचली असती का, हे ऑफिसातला परीक्षक धुंडाळतो. मग हरकती लिहून पाठवतो. माझ्या अर्जावर दोन हरकती आल्या. एक जपानचं जुनं पेटंट, दुसरी आमच्या खंडेनवमीचा व्हिडिओ. गावातल्या कुणीतरी तो इंटरनेटवर टाकला होता. मुंबईत बसलेल्या माणसानं माझ्या शेडातल्या झेंडूच्या माळा शोधून काढल्या, याचा मला राग यायला हवा होता. पण नवलच जास्त वाटलं.

साहेब म्हणाले, "अर्जाच्या आधी तुम्ही ही वस्तू लोकांना दाखवली असेल, तर ती नवी राहत नाही. व्हिडिओत एक जण तुम्हाला काहीतरी सांगतोय आणि तुम्ही त्याच्यावर ओरडताय. काय चाललंय?"

अमृताबाईंनी मला मान हलवून परवानगी दिली.

"साहेब, ते म्हणत हुतं, मिस्त्री, चालू करून दाखवा. मी म्हटलं, आज न्हाई. आज हत्याराला हात लावायचा न्हाई."

"का?"

"खंडेनवमी हाय न्हवं! वरीसभर राबत्यात, एक दिवस तरी त्यास्नी सुट्टी नको? आमच्याकडं त्या दिवशी पान्हासुदिक उचलत न्हाईत."

साहेब जरा हसले. "आमच्याकडं आई कात्री आणि विळी पाटावर मांडायची. मग भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवायची."

तानाजीराव मध्येच घुसले. "साहेब, मीबी लय सांगितलं ह्यास्नी, एकडाव फिरवा पंखा. पण ह्यो माणूस आडमुठा हाय. उसाच्या पानाखाली सगळं झाकून ठिवलं हुतं."

"तुम्ही कोण?"

"मशीनचा मालक. नायब सुभेदार, रिटायर्ड."

"बसा, नायब सुभेदार साहेब."

तानाजीराव बसलेलेच होते. तरी आणखी ताठ बसले.

साहेबांनी व्हिडिओ पुन्हा पाहिला. मग म्हणाले, "पंखा उलटा फिरतो, एवढं तुम्ही बोललात. पण तो कशानं फिरतो, कुठं जोडलाय, हे सांगितलंही नाही आणि दाखवलंही नाही. ठीक आहे. जोडणीपुरता या व्हिडिओचा अडथळा नाही."

अमृताबाईंनी श्वास सोडला. मी मिशीवरून हात फिरवला. तो लवकर फिरवला.

कारण आता पडद्यावर जपानी पेटंटाचं चित्र आलं. मी खुर्ची पुढं ओढली. भाताच्या कापणीचं मशीन होतं. काय रेषा काढल्या होत्या त्या माणसानं! प्रत्येक बोल्टाला नंबर. अक्षर मला एक कळलं नाही, पण चित्र सगळं वाचता आलं. इंजिनच्या जाळीमागं पंखा. ठरलेल्या वेळानं उलटा फिरणारा. भुस्सा बाहेर फेकणारा.

पंखा माझाच होता. फक्त माझ्या आधीचा.

साहेब म्हणाले, "तुमचा पहिला क्लेम आहे, पाचट काढायला उलटा फिरणारा पंखा. तो तुम्हाला काढावा लागेल."

क्लेम म्हणजे आपल्या वावराच्या चतुःसीमा. एवढ्याच्या आत माझं, बाहेर दुसऱ्याचं. माझा बांध मी लांबवर घातला होता.

"न्हाई काढणार," मी म्हणालो.

"काका..." अमृताबाई.

"साहेब, ह्यो जपानी माणूस मी जल्मात बघितला न्हाई. त्याचा कागद आज बघतोय. मी चोरी केली न्हाई."

"चोरी केली असं कोण म्हणतंय?" साहेबांचा आवाज चढला नाही. "तुम्हाला स्वतःला सुचलं, मला पटलं. पण कायदा तुम्ही कुठून आणलं ते विचारत नाही. जगात आधी होतं का, एवढंच विचारतो. दोन माणसांना एकच गोष्ट सुचू शकते. पेटंट पहिल्याला."

कुणी चोरही नाही आणि तरी वस्तू माझी नाही, असं असू शकतं, हे मला या वयात पहिल्यांदा कळत होतं.

"क्लेम तसाच ठेवलात तर सगळा अर्ज नाकारावा लागेल," साहेब म्हणाले. मग कागद चाळत त्यांनी विचारलं, "मला एक सांगा. पान चारवर तुम्ही एका झडपेचं लिहिलंय. एकच वाक्य आहे. ती काय करते?"

"ती व्हय? ती किरकोळ हाय साहेब. केबिनीत बाहेरची हवा घ्यायला एक भोक असतंय. पंखा उलटा फिरला की ते झाकतंय."

"कशासाठी?"

मी तानाजीरावांकडं बघितलं. "ह्यांच्यासाठी. शेडामागं पाचटाचा ढीग करून टेस्टिंग केलं, तवा जाळीवरची सगळी धूळ भोकातनं आत आली. हे केबिनीत शिंकून शिंकून बेजार. मला शिव्या घातल्या. म्हणून ऑइलच्या डब्याचा पत्रा कापून झडप बसवली."

"आणि ती बंद कशानं होते?"

"त्याच स्विचनं. कटर उचलला की आधी झडप मिटती, मग पंखा उलटतोय."

"आधी झडप, मग पंखा. मुद्दाम?"

"मुद्दाम. न्हाईतर पयला झोत आतच की."

साहेब पुढं वाकले. "मिस्त्री, जपानी पेटंटात केबिन आहे, पण झडप नाही. पंखा घड्याळावर फिरतो, कामाशी त्याचा संबंध नाही. कटर, झडप आणि पंखा, या क्रमानं एकाच स्विचवर, असं मला कुठंही सापडलं नाही. आणि आम्ही पुष्कळ शोधलं."

ज्या पंख्यासाठी मी भांडत होतो तो दुसऱ्याचा निघाला. ज्या पत्र्याच्या तुकड्याला मी किरकोळ म्हणालो होतो, त्यातच माझं असं काही होतं. आणि ते एका परक्या माणसानं माझ्याच अर्जातून काढून माझ्यापुढं ठेवलं होतं.

अमृताबाईंनी हळूच विचारलं, "काय करायचं काका? पंखा सोडायचा?"

पंखा सोडला की तो इंजिनिअर म्हणणार, बघा, म्हटलं नव्हतं? नाही सोडला तर हातात काहीच नाही. मी पडद्यावरच्या त्या जपानी चित्राकडं आणखी एकदा पाहिलं. चांगलं काम होतं. वाईट असतं तर भांडलो असतो.

"सोडा," मी म्हणालो. "पर झडप सोडायची न्हाई. तिचा एक खिळाबी कमी करायचा न्हाई."

बाहेर आल्यावर तानाजीराव छाती काढून चालायला लागले. "म्हणजे पेटंट माझ्या नाकाचं झालं की रं गड्या! माझंबी नाव घालाया पायजे."

अमृताबाई म्हणाल्या, "शोध लावणाऱ्याचं नाव येतं, आजोबा. शिंकणाऱ्याचं येत नाही."

दुरुस्त क्लेम लेखी गेले. काही महिन्यांनी पेटंट मंजूर झालं. सर्टिफिकेटावर नाव माझं एकट्याचं आहे. त्या इंजिनिअरला मी बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "पण मिस्त्री, पंख्याचं काय?" मी सांगितलं, पंखा जपानचा आहे. झडप माझी.

नवीन काही करणाऱ्या पोरांना मी एवढंच सांगतो. ज्याचा तुम्हाला सगळ्यात जास्त अभिमान आहे, ते जगात आधी कुणी केलंय का ते पहिल्यांदा शोधा. बहुतेक केलेलं असतं. मग गिऱ्हाईक कशावरून शिव्या देत होतं ते आठवा, आणि त्यावर काय केलंत ते अर्जात एका वाक्यापेक्षा जास्त लिहा.