आत्याबाईंचा रुसवा

कवळीकाकांनी जन्मभर दुसऱ्यांचे दात केले आणि स्वतःचे ओठ मात्र मिटून ठेवले, असं काकू म्हणत. यात थोडी अतिशयोक्ती आहे. प्रवाळांचा विषय निघाला की काकांचे ओठ मिटायला माणसं लावावी लागत.

दातांच्या डॉक्टरांकडून मापं यायची आणि काका त्यावरून कवळ्या करायचे. मागच्या खोलीत लाल मेण, प्लास्टरचे साचे आणि फळीवर ओळीने मांडलेल्या कवळ्या. नवखा पाहुणा आत डोकावला तर इतकी माणसं एकदम आपल्याला हसताहेत असं वाटून दचकून मागे यायचा. पुढच्या खोलीत मात्र समुद्र होता. सोफा असायला हवा तिथे भिंतभर काचेची टाकी, वर निळा दिवा, आत खारं पाणी आणि खडकांवर वाढलेली जिवंत प्रवाळं. कुणी बोटांसारखं, कुणी शर्टाच्या बटणांसारखं, कुणी नुसताच जांभळा गालिचा. सोफा नसल्यामुळे पाहुणे ताठ खुर्च्यांवर बसत आणि लवकर उठत. टाकीचा एवढा एक फायदा काकूंनीही मान्य केला होता.

आता ती टाकी मोडायची होती. काकूंच्या गुडघ्यांनी जिन्याशी बोलणंच टाकलं होतं आणि लेकीने दोघांना आपल्या गावी, आपल्या घरी राहायला बोलावलं होतं. तिच्याकडे एक खोली रिकामी होती.

"बाबा, त्या खोलीत एक तर तुमचा दोघांचा पलंग मावेल, नाहीतर समुद्र," ती फोनवर म्हणाली.

काका बराच वेळ गप्प राहिले. तेवढा वेळ गप्प राहिल्याबद्दल काकूंनी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

या छंदवाल्यांमध्ये एक रीत आहे. टाकी मोडणारा आपली प्रवाळं बाजारात विकत नाही, ओळखीच्या टाक्यांमध्ये वाटतो. आणि वाटताना पहिला हक्क असतो तो मुळात ज्याने तुकडा दिला त्याचा. प्रवाळाचा अंगठ्याएवढा तुकडा दिला की तो वाढून घरभर होतो. देणाऱ्याची टाकी पुढे कधी बुडाली, म्हणजे आतलं सगळं मेलं, तर त्याने येऊन आपल्याच प्रवाळाचा तुकडा परत न्यावा. तो स्वतःच्या तोंडाने 'नको' म्हणेपर्यंत दुसऱ्याने हात लावायचा नाही.

रविवारी सकाळपासून माणसं आली. कुणाकडे बादली, कुणाकडे थर्मोकोलचा डबा, एकाकडे तर बाळाचा टब. काकांनी दातांच्या कामाचीच बारीक करवत आणि चिमटे मांडले आणि उमेदवारांच्या मुलाखती सुरू केल्या.

"घरं रंगवून आलात की हात धुता?" त्यांनी एका रंगाऱ्याला विचारलं.

"धुतो की."

"कशाने?"

"साबणाने."

"आणि तोच हात टाकीत घालता?"

रंगारी गडबडला. "मग काय रंगाचा घालू?"

"अहो, द्या त्यांना," काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या. "जावई बघताना तुम्ही एकच प्रश्न विचारला होतात, चहा घेणार का!"

"जावयाला काही झालं तर तो फोन करून सांगेल. याला शंभर तोंडं आहेत, पण बोलता एकालाही येत नाही."

"सुखी आहे हो त्याची बायको," काकू म्हणाल्या.

बटणं रंगाऱ्याकडे गेली. जांभळा गालिचा गेला. बोटं दोन घरांत वाटली गेली. प्रत्येक वेळी काका दारापर्यंत जात, जिन्यातून खाली बघत "पिशवी उन्हात धरू नका हो" असं ओरडत आणि परत येऊन रिकाम्या झालेल्या खडकाकडे बघत उभे राहत. दुपारी टाकीत एकट्या आत्याबाई उरल्या.

आत्याबाई म्हणजे ताटाएवढं एक थोरलं प्रवाळ. आकार उघड्या छत्रीसारखा आणि छत्रीवर गवतासारखे बारीक तुरे. मनात असलं की त्या हे सगळे तुरे फुलवून अशा डुलायच्या, की बघणाऱ्याचा चहा निवून जायचा. पण मनात असलं तर! शेजारचा दगड सरकला, दिवा बदलला, कुणाचा परका हात पाण्यात शिरला, की तुरे आत, छत्री बंद, चेहरा करडा. मग दिवसच्या दिवस उपास. शेवटी अंगावरची पातळ कात शाल झटकावी तशी झटकून टाकायच्या आणि जसं काही झालंच नाही अशा पुन्हा फुलायच्या.

हे नाव ठेवलं होतं लिफ्टवाल्याने. लिफ्टवाला म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा काकांचा मित्र. त्याची खरीखुरी आत्या खुर्ची खिडकीपासून हलवली म्हणून आठवडाभर कुणाशी बोलली नव्हती. आत्याबाईंचा अंगठ्याएवढा पहिला तुकडा त्यानेच आणून दिला होता. त्यानंतर कित्येक वर्षं दोघांच्या संध्याकाळी टाकीसमोर दोन खुर्च्या टाकून गेल्या. बोलणं फारसं नसे. "आज खुशीत आहेत," एक म्हणायचा. "हं," दुसरा म्हणायचा. काकूंच्या मते एवढा सुखाचा संसार त्यांनी दुसरा पाहिला नव्हता.

मग लेकीच्या बाळंतपणाला काका-काकू गावी गेले आणि टाकी लिफ्टवाल्यावर सोपवून गेले. टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं, पण मीठ कुठे उडत नाही, ते मागेच राहतं. म्हणून वरून जी भर घालायची ती गोड्या पाण्याची. हे लिफ्टवाल्याला झोपेतही ठाऊक होतं. पण मोरीत दोन कॅन होते, एक गोड्या पाण्याचा आणि एक खाऱ्या. दोन्ही पांढरे, दोन्ही सारखे. लिफ्टवाल्याने इमानेइतबारे रोज खारं ओतलं. टाकी घट्ट होत गेली. काका परतले तेव्हा समुद्राचं लोणचं झालं होतं. सगळी प्रवाळं पांढरी पडली होती. आत्याबाई तेवढ्या पहिल्याच दिवशी रुसून मिटल्या होत्या, म्हणून वाचल्या.

आणि मग कवळीकाकांनी आठ-दहा छंदवाल्यांसमोर तोंड उघडलं. "तू आपल्या लिफ्टच दुरुस्त कर! वर आणि खाली, याच्या पलीकडे तुझी अक्कल जायची नाही!"

लिफ्टवाल्याने किल्ली चपलांच्या कपाटावर ठेवली आणि तो जिना उतरून गेला. तो पुन्हा तो जिना चढला नाही. त्याने टाकी विकली, असं नंतर कुणी कुणी सांगितलं. काकांनी पुन्हा सगळी प्रवाळं जमवली, पण दुसरी खुर्ची मात्र उचलली नाही. त्यावर काकू धुतलेले कपडे ठेवायला लागल्या, तर ते काका गुपचूप पलंगावर नेऊन टाकायचे.

आता ते आणि ती खुर्ची, दोघं आत्याबाईंसमोर होते. आणि मोटार चालवायला शिकवणाऱ्या एक बाई शेवटची बादली घेऊन मागे उभ्या होत्या.

"काका, यांना नेऊ का मी? जागा करून ठेवलीय."

"त्यांच्यावर एकाचा पहिला हक्क आहे."

"त्यांनी तर टाकी विकली म्हणतात."

"तो स्वतः नको म्हणालेला नाही."

"तुम्ही विचारलंत?"

"ग्रुपवर लिहिलं होतं मी. 'आत्याबाई ज्याच्या त्याने स्वतः येऊन न्याव्यात.'"

काकू हात पुसत बाहेर आल्या. "याला विचारणं म्हणतात? हे तर नोटीस लावणं झालं! इतकी वर्षं त्या दारावर डोळे लावून बसलायत, मला काय दिसत नाही? कुणी त्या जिन्यावर खोकलं तरी तुम्ही मान वर करता. उद्या आपण गेल्यावर तो आला तर कुलपाशी बोलेल का? उठा. आणि जाताना आठवा, त्या दोन कॅनवर चिठ्ठ्या लावायला तुमचे हात मोडले नव्हते!"

काका उठले. त्यांनी आत्याबाईंना दगडासकट उचलून पाण्याच्या डब्यात ठेवलं. आत्याबाईंनी ताबडतोब छत्री मिटली.

बाईंच्या शिकवणीच्या गाडीला दोन-दोन ब्रेक होते. काका मांडीवर डबा घेऊन शिकाऊच्या शेजारच्या, म्हणजे एरवी बाईंच्या, जागी बसले आणि खड्डा दिसला की आपल्या पायाखालचा ब्रेक दाबू लागले.

"काका, पाय काढा. असं केलंत तर आपण वर्षाअखेर पोचू."

"त्यांच्या पोटातलं पाणी हलतंय."

"त्यांच्या की तुमच्या?" बाई म्हणाल्या.

दार लिफ्टवाल्यानेच उघडलं. वाळला होता. केस गेले होते. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. वाटभर काकांनी जे जे जुळवलं होतं ते सगळं जिभेवरून पळालं. लिफ्टवाल्याचं तोंड किंचित उघडलं आणि काकांच्या नजरेने आपला धंदा सोडला नाही.

"ही कवळी कुणाकडून केलीस?"

"आहे एक."

"वरची सैल आहे. बोलताना खाली येते."

"माहीत आहे."

"माझ्याकडे माप पाठवायचं. मापावर नाव नसतं. मला कळलं नसतं."

"तुला?" लिफ्टवाला म्हणाला. "तुला कळलं असतं."

तो बाजूला झाला. काका आत गेले आणि डबा हातात धरून तिथेच थांबले. भिंतीशी टाकी होती. दिवा चालू होता. पंप हळूच गुरगुरत होता, काच लखलखीत पुसलेली, पाणी स्वच्छ. खडक रचलेले होते आणि त्यांवर एकही प्रवाळ नव्हतं. एक गोगलगाय तेवढी काचेवरून मालकिणीसारखी फिरत होती. टाकीच्या पायाशी दोन कॅन होते. एकावर तांबड्या रंगात हातभर अक्षरं, 'गोडं'. दुसऱ्यावर 'खारं'.

"विकली म्हणाले होते सगळे," काका म्हणाले.

"प्रवाळं देऊन टाकली. पाणी टाकवेना. मुरलेलं पाणी आहे रे."

"इतकी वर्षं नुसतं पाणी पाळलंस?"

"मग काय करू? तुकडा मागायचा तर तुझ्याकडेच मागायला हवा होता. आणि तुझ्याकडे मागायला तोंड कुठे होतं?"

"मी ग्रुपवर लिहिलं की."

"वाचलं. मला वाटलं, आणखी कुणी आहे."

"आणखी कोण असणार, गाढवा!" काकांचा आवाज नको तिथे फाटला. "चिठ्ठ्या मी लावायला हव्या होत्या."

"एक थेंब जिभेवर ठेवला असता तर मलाही कळलं असतं."

"तू कशाला ठेवायचा? कॅन माझे होते."

"हात माझा होता ना!"

हे असंच बराच वेळ चाललं असतं, पण बाईंनी दारातून सांगितलं, की दोषाची वाटणी झाली असेल तर आत्याबाईंचं पाणी गार होतंय. मग दोघांनी बाह्या सरसावल्या. डाव्या अंगाला, उजेडाच्या जरा खाली, प्रवाह थेट तोंडावर येणार नाही असं. एकाने दगड धरला, दुसऱ्याने टेकू लावला. आत्याबाई मिटलेल्या. उकडून विसरलेल्या बटाट्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

लिफ्टवाल्याने न विचारताच दोन खुर्च्या ओढल्या.

"जातोस कधी?" त्याने विचारलं.

"उद्या सकाळी."

"उघडलेल्या बघून गेला असतास."

"हं," काका म्हणाले.

लेकीचं घर उंचावर आहे. लिफ्ट आहे. ती चढताना काका कधी कधी कान देऊन ऐकतात आणि 'दोरी जरा घासतेय' असं तज्ज्ञासारखं सांगतात. खोलीत पलंग मावला आहे. पलंगासमोरच्या भिंतीवर काही नाही, काका तिकडे तोंड करून बसतात. संध्याकाळी चहाच्या सुमाराला फोन वाजतो.

"उघडल्या का रे?"

"नाही रे. मिटलेल्याच."

"कात टाकली?"

"कुठली! आत्याच ती." मग तो पाण्याचं सांगतो, गोगलगायीचं सांगतो, आपल्या वरच्या दातांचं सांगतो. चहा निवतो.

असे आठवडे झाले, महिने झाले. एकदा काकूंनी स्वेटरचं विणकाम खाली ठेवलं.

"अहो, आपल्याकडे या आत्याबाई फार फार तर दहा-बारा दिवस रुसायच्या. इतकं कुठलं प्रवाळ मिटून जगतं? त्याला फोटो पाठवायला सांगा की."

काकांनी भिंतीकडे पाहिलं. तिथे त्यांना काय दिसत होतं कोण जाणे, पण मान अगदी हळू, पाण्यात डुलावी तशी डुलत होती.

"नको," ते म्हणाले. "राहू दे. उघडल्या म्हटलं की मग रोज विचारायचं काय?"

दुसऱ्या दिवशी फोन वाजायच्या आधीच त्यांनी कप हातात घेतला.

"आज काय म्हणतात?"

"नाही रे," पलीकडून लिफ्टवाला म्हणाला. "अजून नाही."

"असू दे, असू दे. घाई नाही," काका म्हणाले आणि खुर्ची जराशी पुढे ओढून बसले.