मालक म्हणजे कोण?

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आजही डोकं तापतं. परभणी जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. मला कोड्यांचा नाद. हजेरी झाली की शिपायांना एक कोडं घालायचो. दोन आया, दोन लेकी, आंबे तीन. प्रत्येकीला अख्खा आंबा कसा? आजी, आई आणि नात, एवढं साधं उत्तर, पण माणसं आंबा कापत बसतात. वरिष्ठ म्हणायचे, हे ठाणं आहे, बालवाडी नाही. मी कोडी बंद केली नाहीत.

एका बागायतदाराची बैलजोडी शेतातल्या आखाड्यावरच्या गोठ्यातून चोरीला गेली. चोर त्याचा वर्षाच्या बोलीवर ठेवलेला सालगडीच आहे, अशी खबर कोणीतरी नाव न सांगता फोनवर दिली. सालगड्याच्या बायकोचा जबाब झाला. बैल कोणी सोडले, या प्रश्नाला तिने एका शब्दात उत्तर दिलं, "मालकानं."

आमच्याकडे बाया नवऱ्याला मालक म्हणतात. जबाब लिहिणाऱ्या हवालदाराच्या घरीही तेच. बायकोच सांगते म्हटल्यावर आणखी काय हवं? सालगड्याला अटक झाली, पोलीस कोठडी मिळाली.

चौकशीत तो एकच सांगायचा, "मी पाथरीला गेल्तो, साहेब. मला काई ठाव न्हाई." खोटं बोलणारा माणूस गोष्ट रंगवतो. हा काहीच रंगवत नव्हता, आणि ते मला खटकत होतं.

दुपारी त्याची बायको भाकरी घेऊन आली. उशीर का झाला, असं विचारलं तर म्हणाली, "मालक यिऊ देईनात."

"मालक तर आत कोठडीत आहे. मग तुला अडवलं कोणी?"

खुळ्याकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं. "आत पोरीचा बाप हाय. मालक त्यांच्या माडीवर हायत."

सालगड्याच्या घरात मालक एकच असतो, आणि तो नवरा नसतो. अख्खं ठाणं आंबा कापत बसलं होतं.

"मग बैल कोणी सोडले?"

"पह्यल्याच दिशी सांगितलं की. मालकाचं नाव घेतलं म्हणून तुमी ह्यांना धरलं, असंच समजले मी."

खरं बोलल्याची शिक्षा नवऱ्याला झाली, असं धरून ती बाई रोज भाकरी आणत होती. माझा संताप संताप झाला.

बैल पिंगळीच्या शिवारात, बागायतदाराच्या मेहुण्याच्या गोठ्यात सापडले. खबरीचा फोनही त्या मेहुण्याचाच. सालगडी पाडव्याला साल संपवून दुसरीकडे जाणार होता आणि हल्ली नवा गडी मिळत नाही. चोरीचा आळ आला की पाया पडत येईल, मग तक्रार मागे घेऊन त्याला कायमचा बांधून ठेवू, असा बेत होता.

आधी एका पुढाऱ्याचा फोन आला, मग वरिष्ठांचा. "कोडी पुरे. प्रकरण मिटवा." मी म्हणालो, "लेखी आदेश द्या, साहेब." लेखी कोण देतो? न्यायालयात अहवाल देऊन गडी सोडवला, बागायतदारावर गुन्हा दाखल केला. माझी बदली झाली. झाली तर झाली.

चोर पकडणं सोपं, आपल्या डोक्यात आधीच बसलेला अर्थ पकडणं अवघड, हे मला या प्रकरणाने शिकवलं. कोड्यांना पोरखेळ म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं.

पण खरी छाती त्या बाईची. नव्याने जबाब घेताना मी तिला सांगितलं, मालक नको, नाव सांग. बागायतदार समोरच्या बाकावर बसलेला. पाडवा अजून यायचा होता, आणि त्या माणसाचं नाव तिने जन्मात तोंडाने घेतलं नव्हतं. तिने पदर खोचला आणि नाव, बापाचं नाव, आडनाव खणखणीत आवाजात सांगितलं.

तो गुरगुरला, "मालकाचं नाव घ्यायलीस?"

"साल संपलं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "लिवा, साहेब."